ईनबाई, ओळ उचलू नकोस

कुंदा,

येत्या रविवारी मला गायचं आहे. रेवाच्या गच्चीवर, संध्याकाळी, सगळ्यांच्या घरच्या मंडळींसमोर. तुझ्या त्या तीन ओळी. एकटीने.

रेवाने परवा फोन केला तेव्हा फार जपून विचारलं. पोरगी समजूतदार आहे. "मावशी, या वेळी नसेल जमत तर राहू द्या. नुसत्या येऊन बसा." मी म्हटलं, "गाते ना, त्यात काय!" आणि फोन ठेवल्यावर कळलं, काय कबूल करून बसले ते. दोन वर्षं झाली आपल्याला तिच्या गाण्याच्या वर्गात जाऊन, पण मी तिथे एकही ओळ एकटीने पुरी केलेली नाही. तू करूच दिली नाहीस. मी ओळ सुरू करायची आणि ती संपते न संपते तोच तू ती मागून उचलायचीस, गल्लीतली कुत्री उठून बसतील अशा आवाजात. आता मागे कोणी नाही. गाणं चुकेल याची मला भीती नाही, चुकायची मला आता सवय झाली आहे. भीती आहे ती पहिली ओळ संपल्यावर जी शांतता होईल तिची. तिथे दुसरी ओळ येणारच नाही, असं मला सारखं वाटून राहिलं आहे. म्हणून तुला लिहायला बसले.

तू कशी गेलीस, डॉक्टर काय म्हणाले, हे काही मी इथे लिहिणार नाही. तेरवीपर्यंत ते इतक्यांदा सांगून झालं की सगळ्यांना पाठ झालं. तुमच्या सक्करदऱ्याच्या घरी कोणीही आलं की तुझे भाऊराव पहिल्यापासून सुरू करायचे, आणि ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा. त्या हकिगतीतली कुंदा मला ओळखूच येत नाही. त्यात तू गप्प पडून आहेस. तू आणि गप्प!

माझ्या डोळ्यांसमोर येतेस ती लग्नातली. माझी केतकी आणि तुझा अमोल यांचं ठरलं तेव्हापासून माझी झोप उडाली होती. वरमाय कुहीकडची, धानाच्या शेतीवाल्यांची लेक, व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. तिच्या मानपानात काय कमी पडेल आणि कशावरून रुसवा धरला जाईल, या काळजीने मी अर्धी झाले होते. मी गणिताची मास्तरीण. हिशेब जुळतो की नाही एवढंच मला कळतं, आणि विहिणीच्या रुसव्याचा हिशेब कोणालाच जुळवता आलेला नाही. तुझे पाय धुवायला मी तांब्या घेऊन बसले आणि तू पाय मागे घेतलेस. झालं, मी मनात म्हटलं, सुरुवातीलाच नाट लागला. तू वाकून माझ्या कानाशी म्हणालीस, "ईनबाई, पाय राहू द्या. मले मानपान काही नको. मले माईक पाह्यजे."

आणि घेतलास की माईक! भर मांडवात तुझं भजनी मंडळ उभं केलंस, खंजिरी-पेटीसकट, आणि विहिणीला चिडवायची गाणी सुरू केलीस. विहीण म्हणजे मी. माझ्या चष्म्यावर एक कडवं, माझ्या नाकावर एक, मी पोरींना वर्गाबाहेर उभं करायची त्याच्यावर एक. जागच्या जागी रचत होतीस. तू ओळ टाकायचीस आणि तुझ्या दहा-बारा बाया ती उचलायच्या. माझे यजमान तर डोळे पुसत हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी चारचौघांत नावं ठेवली आणि मला त्याचं बरं वाटलं. त्या दिवशीच तू मला आवडलीस. तसं तुला कधी म्हटलं नाही, कारण विहिणीला इतक्या लवकर चढवून ठेवू नये.

मग पोरं गेली परदेशात. अमोल मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीत होता, तिथून त्याला स्पेनमधलं काम मिळालं, आणि वर्षभरात केतकीच्या बाळंतपणाची बातमी आली. जायचं कोणी? रीतीप्रमाणे मी, मुलीची आई. पण तू आधीच बॅग भरून बसलेली. शेवटी दोघी गेलो. सेव्हिलच्या त्या एवढ्याशा घरात एकाच खोलीत दोन विहिणी. डिंकाच्या लाडवात खारीक किती घालायची, इथपासून बाळाला टाळू भरायची की नाही, इथपर्यंत आपण रोज भांडलो. तिसऱ्या दिवशी 'अहो-जाहो' गेलं. भांडताना ते फार मधे येतं म्हणालीस.

त्या घराच्या कोपऱ्यावर एक लहानसं खानावळवजा दुकान होतं. रविवारी दुपारी तिथे घरचीच माणसं जमायची. एकदा अमोलने आपल्याला कॉफी प्यायला नेलं. एक म्हातारी भिंतीशी खुर्ची टाकून बसली होती. काळं पोलकं, मांडीवर हात. बोलता बोलता तिने डोळे मिटले आणि एकदम 'आय' असा स्वर काढला. माझ्या अंगावर काटा आला. असा आवाज मी कुठल्या मैफलीत ऐकला नव्हता. खरबरीत, फाटका, आणि तरी सुरात. भोवतीची माणसं हलक्या टाळ्या धरून बसली होती. कोणी हूं नाही की चूं नाही. आणि म्हातारीची ओळ संपली तशी माझ्या शेजारून तीच ओळ उठली. खणखणीत! शब्द एकही कळत नसताना तू तिची ओळ उचलली होतीस.

सगळं दुकान वळून बघायला लागलं. अमोलने कपात तोंड घातलं. म्हातारीने डोळे उघडले, तुझ्याकडे बघितलं, एक बोट हलवून 'अंहं' केलं आणि पुढची ओळ घेतली. बाहेर आल्यावर अमोल तुझ्यावर चिडला, "आई, असं मधात नाही म्हणत वं! तिचं एकटीचं गाणं असते ते." तुला ते पटायची वेळ आलीच नाही. "ती म्हातारी जीव तोडून गाऊन राहिली, अन् हे सारे नुस्ते टाळ्या वाजवत बसले. कोणी झेलाले नको तिले? माणसाले गाताना एकटं कसं सोडाचं?"

आपला वाद सुरू झाला तो त्या फुटपाथवर. तो अजून संपलेला नाही.

नागपूरला परत आल्यावर आपण स्पॅनिश शिकायचं काढलं, नात पुढे कोणत्या भाषेत बोलेल याचा नेम नाही म्हणून. चौकशी करता रेवाचा पत्ता लागला. बजाजनगरची मुलगी, तिकडे शिकून, गाऊन, राहून आलेली. सकाळी कंपन्यांमधल्या लोकांना भाषा शिकवते आणि गुरुवारी संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत फ्लामेंको गाणं. भाषेच्या वर्गात तू दोनदा आलीस. तिसऱ्यांदा जिन्यातच मला म्हणालीस, "ईनबाई, हे क्रियापदं-बियापदं तू पाठ कर. आपण गुरवारचं जाऊ. ते म्हातारीचं गाणं शिकू." मी म्हटलं, साठीला टेकलो आपण, लोक हसतील. तू म्हणालीस, "हसू दे ना. आपल्या बापाचं काय जाते?"

पहिला महिना रेवाने आपल्याला तोंड उघडू दिलं नाही. नुसत्या टाळ्या. तळहात जरा पोकळ ठेवायचे, बद्द आवाज आला पाहिजे. तुझी टाळी भजनातली, कडकडीत, आणि वर हातभर बांगड्या. प्रत्येक टाळीला छनछन. रेवा लाजत लाजत म्हणाली, "काकू, बांगड्या काढता का थोडा वेळ?" तुझा चेहरा बघण्यासारखा झाला. "नवरा जित्ता असताना बांगड्या कशा काढू वं बाई?" शेवटी तूच तोड काढलीस. दोन हातरुमाल बांगड्यांवरून करकचून बांधलेस आणि बसलीस. पुढे तेच चाललं. गुरुवारी तुझ्या पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि दोन रुमाल. नव्या येणाऱ्या पोरींना वाटायचं, हा या गाण्यातलाच काही प्रकार असेल. एकीने तर तसे रुमाल बांधूनही आणले.

आणि ती मोजणी! मी लहानपणी पेटी-गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. बारा मात्रा म्हटल्यावर मला हायसं वाटलं. एकतालच की! मी पहिल्या मात्रेवर सम धरून मांडीवर हात आपटला, आणि रेवा गिटार थांबवून माझ्याकडे बघत राहिली. इथे वाक्य दहाव्या मात्रेवर येऊन टेकतं, आणि उरलेल्या दोन मात्रा नुसता श्वास. मला ते काही केल्या पचेना. मी दर वेळी पहिलीवर जाऊन पडायची आणि बाकी सगळे मला सोडून आधीच पोहोचलेले असायचे. तुझी तऱ्हा वेगळी. तू आकडे मोजायचीच नाहीस, पण कडवं संपत आलं की भजनासारखी लय वाढवत न्यायचीस. सोलेआ हा संथ, जड चालीचा प्रकार, तो तुझ्या हाती पडला की धावत सुटायचा, आणि शेवटी सगळा वर्ग धापा टाकायचा. रेवा डोक्याला हात लावायची. आपण दोघी मिळून तिची एक चांगली शिष्या झालो असतो, अर्धी तू आणि अर्धी मी.

उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर लागायचा. आधी रेवा तो बंद करायची, आवाज होतो म्हणून. तू म्हणालीस, "असू दे वं, सूर देऊन राहिला ना तो." आणि खरंच त्याच्या घरघरीत तू तुझा सूर लावलास. मग बाहेर सगळं नागपूर भट्टीसारखं तापलेलं आणि आत वाळ्याच्या ओल्या वासात आपण 'आय' म्हणत बसलेल्या. मला त्या सुरांत भैरवी दिसायची. तुला तसं म्हटल्यावर तू हसत सुटलीस. "मैफल संपताना म्हणतात ते हे सुरुवातीलेच घेऊन राहिले! मंग घरी कवा जाचं?"

वर्ग सुटला की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे. तुझा गळा गाऊन बसलेला आणि त्यावर तू आणखी झणझणीत तर्री ओतून घ्यायचीस. मी रागावले की म्हणायचीस, या गाण्याला असाच गळा लागतो, मी रियाज करून राहिली. खाली गाडीत भाऊराव हॉर्न वाजवत असायचे. ते कधी वर आले नाहीत. "तुम्ही दोघी वरडा, मी पेपर वाचतो," हे त्यांचं ठरलेलं.

पण तो वाद. गुरुवारचा तो आपला नेम होता. रेवा मला एकटीला उभं करायची, मी डोळे मिटून ओळ घ्यायची आणि शेवटच्या अक्षरावर तू हजर. रेवाने समजावलं, मी समजावलं. या गाण्यात गाणारा एकटाच असतो. बाकीच्यांनी टाळी धरायची, 'ओले' म्हणून पाठ थोपटायची, पण ओळीला हात लावायचा नाही. त्याचं दुःख त्यालाच म्हणू द्यायचं, त्यात मान असतो. तू मान डोलवायचीस. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. एकदा मी खरंच भडकले. सगळ्यांसमोर म्हटलं, "कुंदा, ओळ उचलू नकोस! मला गाऊ दे एकदा पुरं!" तू जराही रागावली नाहीस. म्हणालीस, "गा ना. मी कुठं धरलं तुले? पण तू ओळ टाकते अन् मी नाही उचलली, तं ती खाली पडन ना वं."

आमच्या मंडळात असं नसते, तू सांगायचीस. तिथे एखादी बाई कडवं विसरली, रडायला आली, ठसका लागला, तरी गाणं थांबत नाही. बाकीच्या घेऊन जातात आणि तिला पुढे सोडतात. मी म्हणायची, ते खरं, पण मग तिचा आवाज कोणता होता हे कधी कळणार? तू म्हणायचीस, कळून काय करायचं आहे? तुझं म्हणणं मला पटायचं नाही आणि माझं तुला. तर्री-पोह्यांच्या ठेलेवाल्यालासुद्धा आपले मुद्दे पाठ झाले असतील.

गेल्या दिवाळीनंतर रेवाने सांगितलं, प्रत्येकीने स्वतःच्या तीन ओळी करून आणायच्या. आपल्या भाषेत, आपल्या घरातल्या. मी आठवडाभर कागद फाडले. तू मात्र जिना चढता चढता म्हणालीस, झाल्या माझ्या.

धान कापून झालं
बांधीत पाणी उरलं
कोणासाठी वं थांबलं?

मी लगेच चूक काढली. मास्तरीण ना. धान कापायच्या आधी बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी काढून देतात, मग ते उरेल कसं? तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "आमची खालची बांधी पाह्यली काय तू? तिथं राह्यते पाणी. पौषापर्यंत राह्यते. मी लहान होती तवा आम्ही त्याच्यात पाय घालून बसून राहो." आणि वर गेल्यावर रेवाला म्हणालीस, या ओळी ईनबाईनं गायच्या. रेवाने विचारलं, "तुम्ही का नाही?" तू म्हणालीस, "माझा आवाज मांडवाचा. हे पाणी उभं आहे बांधीत, त्याले हळू म्हणाले पाह्यजे." मला किती बरं वाटलं ते मी तेव्हा दाखवलं नाही. चाल बसवताना तुझ्याशी भांडत बसले.

त्या ओळी मी तुझ्या तेरवीला म्हणायच्या होत्या, ठाऊक आहे? तुझं मंडळ आलं होतं. छान गायल्या बाया. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "कुंदाबाई तुमच्या त्या परदेशी गाण्याचं लय सांगत होती. एक म्हणा ना तिच्यासाठी." केतकीने माझा हात दाबला. मी बसल्या जागी सावरून बसले, तोंड उघडलं, आणि आवाजच निघाला नाही. बायांनी दुसरंच भजन सुरू केलं आणि मला सांभाळून घेतलं. तुझ्याच बाया त्या, कोणाला पडू देत नाहीत. पण मला घरी येताना वाटत राहिलं, की आता हे माझ्याने व्हायचं नाही. या वयात आपल्याला एक नवीन गोष्ट सापडली होती, तीही तुझ्याबरोबरच गेली.

आणि एक सांगायचं राहिलं. मी एवढी ओरडायची तुझ्यावर, पण गेल्या काही महिन्यांत मी ओळीचा शेवट जरा सोडूनच द्यायला लागले होते. मुद्दाम. शेवटचं अक्षर लांबवण्याचे कष्ट मी घेत नव्हते, कारण तू येणार हे माहीत होतं. तुझा आवाज माझ्या आवाजाखाली येऊन लागला की मला फार सुख व्हायचं. वाद चालू ठेवायचा म्हणून मी ते कबूल केलं नाही. तुला कळलं असेलच म्हणा.

*

इथवर गेल्या मंगळवारी लिहिलं होतं. आज सोमवार आहे.

काल गेले. नेसायचं काय यावर अर्धा तास घालवला आणि शेवटी तू हसली असतीस अशीच साधी सुती साडी नेसले. गच्चीवर सतरंज्या, मागे खुर्च्या. उन्हं कलली होती, वारं सुटलं होतं. मी जिना चढून वर पोहोचते तर पहिल्या रांगेत भाऊराव. कडक इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, हातात पेपर नाही. मला बघून उठून उभे राहिले. "ईनबाई, आलो मी. म्हटलं पाहू तरी, एवढे दिवस तुम्ही दोघी वर काय करत होत्या." मी नमस्कार केला आणि आत गेले.

माझा नंबर आला. रेवाने गिटार घेतली, पोरींनी टाळ्या धरल्या. मी खुर्चीत बसले, मांडीवर हात ठेवले. आधी 'आय' म्हटलं. ते बरं आलं, जरा खरबरीत. मग पहिली ओळ घेतली. धान कापून झालं. आणि ओळ संपली तशी मी थांबले. विसरले नव्हते, रडतही नव्हते. दोन वर्षांची सवय, मी तुझी वाट बघत होते.

कुंदा, कोणी आलं नाही. ज्या शांततेला मी आठवडाभर भीत होते ती आली, आणि ती काही शांतता नव्हतीच. टाळ्या चालू होत्या. रेवाची बोटं तारांवर चालू होती. पोरी माझ्याकडे बघत होत्या, पण घाई कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. बाराचं आवर्तन एकदा फिरलं, माझ्यावाचून फिरलं, आणि पुन्हा तोंडाशी आलं. मग मी दुसरी ओळ घेतली. बांधीत पाणी उरलं. या वेळी शेवटचं अक्षर मी स्वतः लांबवलं, पार शेवटपर्यंत नेऊन ठेवलं. पुन्हा थांबले. पुन्हा एक फेरा जाऊ दिला. तिसरी ओळ फाटली माझी, मधेच, 'थांबलं'वर. त्या म्हातारीसारखी नाही, पण फाटली, आणि फाटली तरी सुटली नाही. दहावीवर येऊन टेकले मी! पहिलीवर नाही पडले. कोणीतरी 'ओले' म्हणालं. मागच्या खुर्चीतून 'क्या बात है' आलं.

नंतर रेवा माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरलेले होते, पण ती मास्तरीण आहे, आधी गाण्याचं बोलली. "मावशी, ओळींच्या मधे थांबलात तेवढ्या जागा तशाच ठेवा हं. त्या हलवू नका." मी म्हटलं, बरं.

जिना उतरताना भाऊराव माझ्या पुढे होते. कठड्याला धरून एक एक पायरी उतरत होते. मधेच थांबले आणि मागे वळून म्हणाले, "पहिल्या ओळीले माझ्या तोंडात आली होती बरं का. घरी ऐकून ऐकून पाठ झाली मले. मोठ्या मुश्किलीनं दाबली."

"म्हणायची ना मग," मी म्हटलं.

"अहो, कशी म्हणू? कुंदानं ताकीद देऊन ठेवली होती. मागं आमच्या घरी तुम्ही दोघी गाऊन राहिल्या होत्या, तवा मी मधात गुणगुणलो, तं स्वयंपाकघरात नेऊन झापलं मले. म्हणे, ईनबाई गाते तवा कोणी मधात म्हणाचं नाही. तिचं गाणं एकटीचं आहे. तिचा आवाज कसा आहे ते ऐकाचं."

मी तिथेच कठडा धरून उभी राहिले. दोन वर्षं! दर गुरुवारी जो मुद्दा मी तुझ्याशी घसा फोडून मांडत होते, तो तू घरी नवऱ्याला शिकवत होतीस? माझ्याच शब्दांत? आणि मला पत्ता लागू दिला नाहीस!

"मग ती काहून उचलत होती माझी ओळ?" मी विचारलं. माझी भाषासुद्धा तुझ्यासारखी झाली बघ.

भाऊराव हसले. तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "मी तेच विचारलं. म्हटलं, मंग तू काहून म्हणते? तं म्हणे, मी कोणी आहो काय! कोणी म्हणजे बाकीचे. मी तं ईन आहो तिची."

खाली आम्ही दोघं गाडीशी बराच वेळ उभे होतो. मी रडले, आणि भाऊराव मला रडू देऊन रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, पोहे खायचे का. खाल्ले. तर्री मी जास्तीची घेतली.

तर कळवायचं ते हे. तुझ्या तीन ओळी मी एकटीने म्हटल्या, पुऱ्या म्हटल्या, आणि बऱ्या झाल्या. पाण्याबद्दलची माझी हरकत मी मागे घेतली आहे. पौषात भाऊराव मला कुहीला तुमची खालची बांधी दाखवायला नेणार आहेत. गुरुवारी वर्गालाही जाणार आहे. वाद माझ्या बाजूने सुटला, तो तूच सोडवून ठेवला होतास, आणि आता माझ्या ओळीला कोणी हात लावणार नाही. पण दर ओळीनंतर मी थांबणार आहे, एक फेरा जाऊ देणार आहे. बाकीच्यांना ते गाण्यातलंच वाटेल. तू ये. तू काही कोणी नाहीस.